९२ टक्के जुळणी आणि बंद पडलेलं यंत्र

आमची संस्था अंध वाचकांसाठी ब्रेल पुस्तकं छापते आणि बोलकी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. आम्ही अकरा जण आहोत, त्यातले चौघे स्वतः अंध. पैसे उभे करण्याचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. वर्षभरापूर्वी आम्ही देणगीदार आणि संस्था यांची गाठ घालून देणारी एक ऑनलाइन सेवा घेतली. आता मुदत संपत आली आणि विश्वस्तांनी विचारलं, पुन्हा घ्यायची का? त्यांच्यासाठी टिपण काढायला बसले, तर ते वाढतच गेलं. आमच्याएवढ्या लहान संस्थांना ते उपयोगी पडेल म्हणून इथे देते आहे. सेवेचं नाव लिहीत नाही. मला जे खटकलं ते तिच्यापुरतं नाही. वर्गणी भरण्याआधी आणखी दोन सेवा तपासल्या होत्या, त्यांचाही साचा हाच होता.

सेवेचं काम थोडक्यात असं. देणगीदार नाव नोंदवताना आपल्या आवडीचे विषय निवडतो: शिक्षण, आरोग्य, बालक, महिला, पर्यावरण, प्राणी, कला, दिव्यांग, आपत्तीतली मदत. संस्था आपली गरज भरते. मग सेवा दोन्ही बाजूंचे शब्द ताडून बघते आणि टक्केवारी लावून जुळण्या दाखवते. पुढचं बोलणं, देणगी, पावती, अहवाल सगळं तिथेच होतं.

सुरुवात मला मनापासून आवडली. नोंदणीचा दाखला, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, विश्वस्तांची यादी, बँकेचा तपशील असं सगळं मागितलं आणि नुसतं घेऊन ठेवलं नाही, वाचलं. अकराव्या दिवशी तिथल्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, दुसऱ्या वर्षाच्या हिशेबात 'इतर खर्च' एकदम वाढलाय, तो कशाचा?" तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पाणी झिरपलं त्या वर्षीचा होता. भिंतीचा आवाजरोधक थर काढून नवा बसवावा लागला होता. मी बिलं पाठवली, अठराव्या दिवशी मान्यता आली. इतक्या बारकाईने आमचे हिशेब बाहेरच्या कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. देणगीदाराच्या बाजूने बघितलं तर या एका गोष्टीसाठी सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. परक्या संस्थेवर विश्वास ठेवण्याआधीची अर्धी कटकट ती स्वतःच्या अंगावर घेते.

मग गरज भरायची वेळ आली, आणि इथून पुढे मला सविस्तर लिहायचं आहे.

त्या महिन्यात आमची गरज एकच होती. ब्रेल छापणारं यंत्र नीट चालत नव्हतं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: त्यात शाई नसते. जाड कागदावर पिना आदळतात आणि उठाव उमटतो. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात, दोन उभ्या ओळींत तीन-तीन. कुठले ठिपके उठले आहेत त्यावरून अक्षर ठरतं. आमच्या मुद्रितशोधक बाई जन्मापासून अंध आहेत. छापून आलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जातं. एका सकाळी त्यांनी पानावर बोट फिरवलं, परत मागे नेलं, पुन्हा फिरवलं आणि पान माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तिसरा ठिपका लागत नाहीये. 'कमल' लिहिलंय ना इथे? मला 'अचब' लागतंय."

डोळ्यांनी बघून मला काहीच कळलं नाही. त्यांनी माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि समजावून सांगितलं. 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. तिसरा गेला की उरतो फक्त पहिला, म्हणजे 'अ'. 'म'मधला तिसरा गेला की 'च' होतो. 'ल'मधला गेला की 'ब' होतो. एक पिन झिजली होती, आणि तेवढ्याने पुस्तकातला शब्दन् शब्द दुसराच होऊन बसत होता. परीक्षेला बसलेल्या वाचकाच्या हातात असलं पुस्तक पडलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही छपाई थांबवली.

म्हणजे गरज स्पष्ट होती. सुटा भाग, कारागिराची मजुरी आणि पुढच्या वर्षभराची देखभाल. ती सेवेच्या अर्जात कशी बसवायची, हा प्रश्न होता. 'विषय' या रकान्यात एकच पर्याय निवडता येत होता. मी 'दिव्यांग' निवडला. 'लाभार्थींची संख्या' सक्तीची होती. यंत्राचे लाभार्थी किती? ते पुस्तक वाचणारे सगळेच की. 'छायाचित्र' सक्तीचं होतं, आणि शेजारी सूचना होती की हसऱ्या मुलाचा चेहरा असेल तर प्रतिसाद चांगला मिळतो.

ही सूचना खोटी नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहेत. उपाशी असलेल्या एकाच मुलीचं नाव आणि छायाचित्र दाखवलं तेव्हा लोकांनी जास्त पैसे दिले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली तेव्हा कमी. मुलीच्या छायाचित्राला आकडेवारी जोडली, तरीसुद्धा कमी. माणसाचं मन चेहऱ्याला धरतं. मलाही धरतं. पण झिजलेल्या पिनेला चेहरा नसतो. तिच्या जागी एखाद्या मुलाचा चेहरा लावला की देणगीदार त्या मुलाशी नातं जोडतो, पिनेशी नाही. मी छायाचित्र लावलं. आमच्याच वाचनालयातल्या एका छोट्या वाचकाचं, त्याच्या घरच्यांना विचारून. ते लावायला नको होतं, हे मला पुढे चार महिन्यांनी पटलं.

नवव्या दिवशी संदेश आला: तुमच्या गरजेशी ९२ टक्के जुळणाऱ्या देणगीदार मिळाल्या आहेत. त्यांनी दिव्यांग, शिक्षण आणि बालक असे तीन विषय निवडले होते. मी लगेच फोन केला. बाई लहान मुलांना शिकवतात. फार प्रेमळ बोलल्या. "अहो ताई, त्या दुरुस्तीचं मला काही कळत नाही. पण अंध मुलांच्या हातात गोष्टीचं पुस्तक पडावं असं फार वर्षं मनात आहे. वाघाच्या गोष्टी, समुद्राच्या गोष्टी. तेवढ्यासाठी मी देते." रक्कम आमच्या गरजेच्या दुपटीहून जास्त होती. मी हो म्हटलं.

यंत्र बंद असताना गोष्टींची पुस्तकं छापणार कशी, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. इतकी मोठी देणगी हातची जाईल या भीतीने गप्प राहिले. पैसे आले ते 'बालकथा' या हेतूला बांधून आले. ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लावायचे, ही या व्यवहारातली पहिली मर्यादा आहे आणि ती मोडायची नसते. त्यामुळे खात्यात पैसे होते, कपाटात कागदाचे गठ्ठे होते, आणि मधे एका पिनेसाठी यंत्र बंद होतं. चार महिने. त्या काळात प्रतीक्षायादीतल्या वाचकांना मी फोन करून 'अजून थोडं थांबा' सांगत होते. त्यातले बरेचसे प्रौढ, नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणारे. एक जण म्हणाला, "ताई, परीक्षा नाही ना थांबत."

सेवेच्या नोंदीत मात्र आमची गरज 'पूर्ण' झाल्याची हिरवी खूण दिसत होती.

देणगीदार बाईंचा यात काडीचा दोष नाही. माझा आहे, आणि सेवेच्या रचनेचाही आहे. सेवा विषय जुळवते. पण देणगीदाराची ओढ विषयाला क्वचितच असते आणि संस्थेची गरज तर विषयात कधीच मावत नाही. 'दिव्यांग' हा शब्द दोन्हीकडे आला म्हणून ९२ टक्के. त्यांना हवं होतं मुलाच्या हातातलं पुस्तक, आम्हाला हवी होती एक पिन. या दोघांमधलं अंतर टक्केवारीत कुठेच दिसत नव्हतं.

यंत्र शेवटी ज्यांच्यामुळे सुरू झालं ते देणगीदार आमच्याशी ३१ टक्के जुळत होते.

देणगीदाराच्या अर्जात सगळ्यात खाली एक मोकळा रकाना असतो: 'आणखी काही सांगायचं आहे?' जुळणीच्या गणितात तो धरला जात नाही, पण संस्थांना तो वाचता येतो. यादीतल्या प्रत्येकाचा तो रकाना मी एका रविवारी बसून वाचून काढला. बहुतेकांनी रिकामा सोडला होता. एका गृहस्थांनी लिहिलं होतं: 'बत्तीस वर्षं छापखान्यात यंत्रं दुरुस्त केली. बंद यंत्र बघवत नाही.' विषय त्यांनी एकच निवडला होता, शिक्षण. मी त्यांना आमच्या पिनेबद्दल लिहिलं, अगदी 'कमल'चं 'अचब' होण्यापर्यंत सगळं. छायाचित्र पाठवलं ते उघडलेल्या यंत्राचं.

तासाभरात फोन. नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न, "पिन परत मागे जाते का व्यवस्थित, की अडकते?"

मला माहीत नव्हतं. मी फोन घेऊन यंत्रापाशी गेले. आमचा छपाईचा मुलगा झाकण काढून बघत होता, मी सांगत होते, ते विचारत होते. "बाजूच्या पिना आणि ही, बोटाने दाबून बघा. जोर सारखाच लागतो का?" वीस मिनिटं हे चाललं. मग म्हणाले, "पिन एकटी बदलू नका. तिच्यामागची स्प्रिंगही थकली असणार. दोन्ही मागवा. आणि बाई, वर्षातून दोनदा साफसफाई करून घेत जा, कागदाचा भुगा बसतो आत. तेवढे पैसे मी दर वर्षी देत जाईन." त्यांनी दिलेली रक्कम त्या ९२ टक्केवाल्या देणगीच्या पावपटसुद्धा नव्हती. यंत्र तीन आठवड्यांत चालू झालं. पहिलं पान आमच्या मुद्रितशोधक बाईंनी वाचलं, आणि त्यांच्याच सांगण्यावरून ते त्या गृहस्थांना टपालाने पाठवलं. ब्रेल त्यांना वाचता येत नाही. ते म्हणाले, ठिपके सगळे एका उंचीचे आलेत, कळलं मला.

या माणसाची आवड कुठल्या रकान्यात बसवणार? ती शिक्षणाची नव्हती आणि दिव्यांगांचीही नव्हती. ती चालत्या यंत्राची होती. या नऊ वर्षांत मी असे पुष्कळ देणगीदार पाहिले. कुणाला हिशेबाची शिस्त बघून द्यावंसं वाटतं. कुणाला जिथे इतर कुणी देत नाही तिथे द्यायचं असतं. एका बाईंना फक्त पगारासाठी द्यायचं होतं, कारण त्यांच्या वडिलांचा पगार आयुष्यभर वेळेवर झाला नाही. ही खरी आवड. ती विचारल्याशिवाय कळत नाही आणि विषयांच्या यादीतून तर कळतच नाही.

जुळणीच्या गणिताबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण सेवा आपल्या माहितीपत्रकात 'शास्त्रीय जुळणी' असा शब्द वापरते. जुळणीचं शास्त्र खरोखरच आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ साली ते मांडलं: दोन गट आहेत, प्रत्येकाला समोरच्या गटातल्यांबद्दल आपापला पसंतीक्रम आहे, तर अशा जोड्या कशा लावायच्या की कुठल्याही दोघांना आपापली जोडी सोडून एकमेकांकडे जावंसं वाटू नये. या विषयावरच्या कामासाठी शेपली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यातल्या दोन गोष्टी मला इथे महत्त्वाच्या वाटतात. एक, दोन्ही बाजूंचा पसंतीक्रम घेतलेला असतो. दुसरी, जी बाजू पुढाकार घेऊन विचारते तिला शक्य तितकी चांगली जोडी मिळते, आणि जिला विचारलं जातं तिच्या वाट्याला उरलेलं येतं.

या सेवेत पसंतीक्रम फक्त देणगीदाराचा आहे. आमच्या चार गरजा असतील तर त्यातली पहिली कुठली, कुठली थांबू शकते आणि कुठली पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्या तिन्हींना अर्थ नाही, हे सांगायला जागाच नाही. चारही गरजा एका रांगेत सारख्या मापाच्या चौकटींत दिसतात आणि ज्या चौकटीत चेहरा आहे तिला पैसे जातात. मी हे त्यांना लेखी कळवलं. उत्तर सौजन्याने आलं, 'नोंद घेतली आहे' असं. सहा महिने झाले, रकाना अजून आलेला नाही.

दुसरा न आलेला रकाना 'सर्वसाधारण निधी'चा. म्हणजे संस्थेने तिला हवं तिथे वापरावेत असे पैसे. वीजबिल, भाडं, मुद्रितशोधकाचा पगार हे सगळं यातून चालतं. सेवेत प्रत्येक देणगी कुठल्या ना कुठल्या प्रकल्पालाच द्यावी लागते, आणि संस्थेच्या पानावर 'प्रशासकीय खर्च' किती टक्के ते ठळक अक्षरांत दिसतं, जणू तो जितका कमी तितकी संस्था चांगली. २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं की, या एका आकड्यावरून संस्थेची किंमत करू नका, कामाचा परिणाम बघा. संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणगीदारांपुढे ठेवणं हेच ज्यांचं काम, त्यांनीच हे सांगितलं, म्हणून मला त्या पत्राचं मोल वाटतं. आमच्या मुद्रितशोधक बाईंचा पगार हिशेबनीसाने कुठल्या मथळ्याखाली टाकला यावर आमचा टक्का ठरतो. त्यांना काढून टाकलं तर तो टक्का सुंदर दिसेल आणि 'कमल'चं 'अचब' कुणाच्या बोटाला लागणार नाही.

हेतूला बांधलेल्या पैशाचा प्रश्न मोठ्या संस्थांनाही सुटलेला नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून पैशांचा ओघ सुरू झाला. आठवड्याभरातच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर केलं की त्सुनामीतल्या आमच्या कामासाठी पुरेसे पैसे आले आहेत, या हेतूने आता देऊ नका. ज्यांनी आधीच दिले होते त्यांना विचारलं, तुमचे पैसे दुसऱ्या संकटांकडे वळवू का? बहुतेकांनी होकार दिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संस्थेच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्यातली महत्त्वाची गोष्ट ती होकार देणारी माणसं आहेत. विचारलं तर लोक ऐकतात. मी विचारलं नव्हतं.

विषयापेक्षा नेमक्या गरजेवर जुळणी करणारे प्रयोग आहेत, आणि ते चालतात. चार्ल्स बेस्ट या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या शिक्षकाने २००० साली 'डोनर्सचूज' सुरू केलं. तिथे शिक्षक आपल्या वर्गाला काय हवं ते वस्तूवार लिहितो, देणगीदार त्यातलं निवडतो, आणि संस्था ती वस्तू विकत घेऊन शाळेकडे पाठवते. देणगीदाराला त्या यादीतली वस्तू आणि तिची किंमत दिसते. म्हणजे आवड थेट गरजेशी भिडते. वस्तूंच्या पलीकडच्या गरजा, पगार, भाडं, देखभाल, त्या रचनेत बसवणं अवघड आहे हे मान्य. पण आमच्या सेवेने एवढं जरी केलं असतं, पिनेची किंमत वेगळी दाखवली असती, तरी चार महिने वाचले असते.

आता आकडे, कारण विश्वस्तांना तेच हवे होते. वर्षभरात आम्हाला ४३ जुळण्या दाखवल्या. १७ जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं. ९ जणांनी दिलं. त्यातले ८० टक्क्यांच्या वर जुळणारे ३, पन्नाशीच्या खाली जुळणारे ४, बाकीचे दोघे मधले. पुन्हा देणारे चौघं, आणि त्यातले तिघं पन्नाशीच्या खालचे. एका संस्थेच्या एका वर्षाच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, आणि मी काढतही नाही. मी एवढंच करते: टक्केवारीकडे न बघता तो खालचा मोकळा रकाना आधी वाचते.

वर्गणी वसूल झाली का? झाली. सेवा देणगीतून आपला वाटा कापून घेते, तो धरूनही झाली. पावत्या आपोआप आणि बिनचूक जातात. या एका गोष्टीने माझे महिन्यातले दोन दिवस वाचले. दर तीन महिन्यांनी अहवाल भरायची आठवण येते आणि तो भरल्याशिवाय नवी गरज टाकता येत नाही. सुरुवातीला जाच वाटला, पण त्यामुळेच आमचे अहवाल वेळेवर गेले आणि चौघं परत आले असं माझं मत आहे. ज्या देणगीदारांपर्यंत आम्ही आमच्या ओळखीपाळखीतून कधीच पोचलो नसतो ते इथे भेटले. छापखान्यातले ते गृहस्थ मला दुसरीकडे कुठे भेटले असते?

मी वर्गणी पुन्हा भरायला सांगितली आहे, पण अर्ज भरायची पद्धत बदलून. जे नव्याने ही सेवा घेतील त्यांना माझं सांगणं असं. सक्तीच्या छायाचित्राच्या जागी ज्या गोष्टीसाठी पैसे मागताय तिचंच छायाचित्र लावा, मग ती गोष्ट पिन असो की वीजबिल. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा की ही गरज आमच्या यादीत कितवी आहे. रकाना नसला तरी वाक्य लिहायला कुणी अडवत नाही. आणि कुणी मोठी रक्कम दुसऱ्याच कामाला देऊ करत असेल तर फोन ठेवायच्या आत सांगा की त्या कामाआधी काय व्हायला हवं आहे. आवाज कापला तरी सांगा.

गोष्टीच्या पुस्तकांच्या त्या बाईंना मी यंत्र सुरू झाल्यावर सविस्तर पत्र लिहिलं. चार महिने का लागले, मी काय सांगायचं टाळलं, सगळं. सोबत दोन पानं घातली. वाघाच्या गोष्टीचं तेच पान, एक झिजलेल्या पिनेने छापलेलं, एक नव्या पिनेने. दोन्हीच्या कोपऱ्यात पेनाने काहीच लिहिलं नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला. वर्गातल्या मुलांना डोळे मिटायला लावून त्यांनी दोन्ही पानं हातोहात फिरवली होती. एका मुलीने फरक ओळखला म्हणे, "यात एक ठिपका झोपलाय."

मग बाईंनी विचारलं, "पुस्तकं छापून झाल्यावर काही उरतील का पैसे?"

मी म्हटलं, "उरतील."

"ते त्या वाचून बघणाऱ्या बाईंच्या पगाराला लावा. तसं पत्र पाठवते मी."

पत्र आलं, ते फाइलला लावलं आहे. सेवेत देणगीचा हेतू बदलायची सोय नाही, त्यामुळे तिथे आमच्या नावापुढे अजूनही 'बालकथा' आणि ९२ टक्के असंच दिसतं.